‘धिस इज अराशी’ : एका जपानी गीतसंग्रहाची घडण

जपानमध्ये ३ नोव्हेंबर हा दिवस संस्कृतिदिन म्हणून पाळला जातो आणि त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. १९९९ साली याच दिवशी पाच मुलांच्या एका नव्या गायकवृंदाची पहिली तबकडी दुकानांत आली. त्यांपैकी सर्वांत मोठा मुलगा अठरा वर्षांचा होता, तर तिघे अवघे सोळा वर्षांचे होते. बरोबर एकवीस वर्षांनी, ३ नोव्हेंबर २०२० रोजी, त्याच पाच जणांचा सतरावा गीतसंग्रह प्रकाशित झाला. त्याचे नाव ‘धिस इज अराशी’, म्हणजे ‘हे आहे अराशी’. अराशी या जपानी शब्दाचा अर्थ वादळ असा होतो आणि तेच या वृंदाचे नाव आहे. संग्रह प्रकाशित झाल्यानंतर ५८ दिवसांनी या वृंदाने आपले कार्य स्थगित केले.

स्वतःची ओळख करून देणारे असे नाव कोणताही कलावंत सामान्यतः आपल्या पहिल्या संग्रहाला देतो. अराशीने ते निरोपाच्या वेळी दिले. या विसंगतीचे मूळ शोधू गेल्यास जपानमधील लोकप्रिय संगीताचा व्यवसाय कसा चालतो, गाणाऱ्याचा आवाज व चेहरा यांवर सत्ता कोणाची असते आणि ही सत्ता सैल होऊ लागली तेव्हा काय घडले, याचा बराच उलगडा होतो.

वृंद आणि संस्था

इंग्रजीतील ‘आयडॉल’ म्हणजे मूर्ती. हा शब्द जपानी भाषेत ‘आइदोरु’ असा रूढ झाला असून तरुण, लोकप्रिय गायक-नर्तकांना तो लावला जातो. शास्त्रीय गायकाकडून श्रोता जशी सिद्ध कलेची अपेक्षा करतो, तशी अपेक्षा आइदोरुकडून प्रारंभी केली जात नाही. कोवळ्या वयात तो लोकांसमोर येतो, चुकतो, सुधारतो, आणि त्याचे हे घडणे पाहण्यातच चाहत्यांना आनंद वाटतो. त्यामुळे त्याचे गाणे एकटे कधी येत नाही. दूरचित्रवाणीवरील मालिका, गप्पांचे कार्यक्रम, जाहिराती, चित्रपट आणि रंगमंचावरील नृत्य या सर्वांच्या जाळ्यात ते गुंफलेले असते.

मुलांच्या अशा वृंदांच्या क्षेत्रात अनेक दशके एकाच संस्थेचे वर्चस्व होते. लॉस एंजेलिस येथे जन्मलेले जपानी वंशाचे जॉनी कितागावा यांनी १९६२ मध्ये टोक्योत ही संस्था सुरू केली. प्रथम तो मुलांचा एक हौशी बेसबॉल संघ होता. त्यातूनच पहिला गायकवृंद निघाला. लहान मुलांना प्रवेश द्यायचा, त्यांना ज्येष्ठ वृंदांच्या मागे नाचण्यास उभे करायचे आणि काही वर्षांनी निवडक मुलांचा नवा वृंद करून तो लोकांपुढे आणायचा, अशी तेथील पद्धत होती. कोणत्या मुलाला कोणत्या वृंदात घ्यावे, वृंदाचे नाव काय असावे, हे कितागावा स्वतः ठरवीत. अराशीच्या स्थापनेची घोषणा १५ सप्टेंबर १९९९ रोजी हवाई बेटांतील होनोलुलूजवळच्या समुद्रात एका जहाजावर झाली, ती याच पद्धतीने.

या एकहाती सत्तेची दुसरी बाजू अत्यंत काळी होती. कितागावा यांनी आपल्या आश्रयास असलेल्या मुलांचे लैंगिक शोषण केल्याचे आरोप एका साप्ताहिकाने १९९९ पासून लेखमालेद्वारे मांडले. त्यावर चाललेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात, आरोपांचा हा गाभा सत्य असल्याचा निर्वाळा टोक्योच्या उच्च न्यायालयाने २००३ मध्ये दिला. तरीही मोठी वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणी केंद्रे जवळजवळ मूक राहिली, कारण संस्थेचा रोष ओढवला तर तिचे लोकप्रिय कलावंत कार्यक्रमांना मिळणार नाहीत ही भीती होती. २०१९ मध्ये कितागावा वारले. २०२३ मध्ये ब्रिटिश प्रसारण संस्थेच्या एका माहितीपटानंतर स्वतंत्र चौकशी झाली आणि हे शोषण अनेक दशके चालू असल्याचा निष्कर्ष निघाला. संस्थेनेही ते मान्य केले. शेकडो व्यक्तींनी भरपाईसाठी अर्ज केले. ‘धिस इज अराशी’ संग्रह घडत असताना यातील शेवटचा भाग अद्याप व्हायचा होता, तथापि त्या काळातील जपानी करमणूक-व्यवसायाचे वर्णन करताना ही वस्तुस्थिती वगळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

अराशीच्या पाच जणांची नावे जपानी रीतीने, म्हणजे आडनाव आधी घेऊन, अशी : ओनो सातोशी, साकुराई शो, आइबा मासाकी, निनोमिया काझुनारी आणि मात्सुमोतो जुन. पहिली तबकडी त्या वर्षीच्या व्हॉलीबॉल विश्वचषक स्पर्धेशी जोडलेली असल्याने तिचा मोठा गाजावाजा झाला. पुढे मात्र खप उतरत गेला. २००२ साली काढलेली एक तबकडी अवघ्या ५०० येनला, म्हणजे एका नाण्याला, विकली गेली. ही युक्ती विक्री वाढविण्याची असली तरी परिस्थितीवर पुरेसा प्रकाश टाकणारी आहे. ओहोटी संपली ती गाण्यांमुळे तितकी नव्हे, जितकी अभिनयामुळे. मात्सुमोतो यांची भूमिका असलेली एक दूरचित्रवाणी-मालिका २००५ पासून अतिशय गाजली; निनोमिया यांनी क्लिंट ईस्टवुड यांच्या २००६ मधील ‘लेटर्स फ्रॉम इवो जिमा’ या चित्रपटात काम केले; साकुराई त्याच वर्षापासून रात्रीच्या बातम्यांच्या कार्यक्रमात दिसू लागले. २०१० मध्ये तर त्यांचा गीतसंग्रह त्या वर्षी जपानमध्ये सर्वाधिक खपलेला संग्रह ठरला.

गाणे कोठून येते

गायकवृंदाचे गाणे म्हटले की त्यांपैकी कोणी तरी ते रचले असावे, असा सामान्य वाचकाचा समज होतो. आइदोरुच्या बाबतीत तसे क्वचितच घडते. संग्रह काढण्याचे ठरले की ध्वनिमुद्रण संस्थेकडून संगीत-प्रकाशकांना अपेक्षा कळविल्या जातात : गीत वेगवान हवे की संथ, ते उन्हाळ्याचे हवे की विरहाचे, कोणत्या जाहिरातीशी किंवा मालिकेशी ते जोडले जाणार आहे, इत्यादी. मग चालींचे नमुने येऊ लागतात. हे नमुने केवळ जपानमधून येत नाहीत. या शतकाच्या प्रारंभापासून स्वीडन व अन्य युरोपीय देशांतील संगीतकार जपानी वृंदांसाठी नियमितपणे चाली बांधू लागले आहेत. स्टॉकहोममध्ये बांधलेल्या चालीवर टोक्योतील कवी जपानी शब्द बसवितो, आणि ऐकणाऱ्याला ते गीत अस्सल जपानी वाटते. हिंदी चित्रपटगीतांची घडण जाणणाऱ्या भारतीय वाचकाला, आधी चाल आणि मग शब्द, ही रीत नवी वाटणार नाही.

निवडलेल्या चालीवर प्रथम एखादा अनाम व्यावसायिक गायक संपूर्ण गीत गाऊन ठेवतो. यास जपानीत ‘कारी-उता’ म्हणजे तात्पुरते गाणे म्हणतात. ते ऐकून वृंदातील मंडळी आपापले भाग बसवितात. कोणती ओळ कोणी म्हणायची याची वाटणी हे नाजूक काम असते, कारण प्रत्येक गायकाचा चाहता आपल्या आवडत्या आवाजाला किती ओळी मिळाल्या हे मोजत असतो. प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाच्या वेळी पाचही जण एकत्र असतीलच असे नाही. एक जण चित्रीकरणात गुंतलेला, दुसरा बातम्यांच्या कार्यक्रमात, अशी स्थिती असते. एकेकाचा आवाज स्वतंत्रपणे मुद्रित करून नंतर ते सर्व एकमेकांवर बसविले जातात.

या वृंदपरंपरेचे वैशिष्ट्य म्हणजे ध्रुवपदात सर्वांनी एकाच स्वरात गाणे. पाश्चात्त्य वृंदांप्रमाणे वेगवेगळ्या स्वरपंक्तींची गुंफण येथे कमी आढळते. त्यामुळे एकेकट्याच्या उणिवा झाकल्या जातात हे खरे, परंतु त्याबरोबर एक वेगळाच, किंचित खरखरीत व आपुलकीचा समूहस्वर तयार होतो. शाळेत सर्वांनी मिळून म्हटलेल्या गाण्याची आठवण करून देणारा हा स्वर ही त्यांच्या लोकप्रियतेची खरी शिदोरी आहे. अराशीत ओनो यांचा गळा सर्वांत तयार, म्हणून अवघड जागा बहुधा त्यांच्याकडे येत. साकुराई हे तालावर बोलल्यासारख्या गायनाचे, म्हणजे रॅपचे, शब्द स्वतः लिहीत. मात्सुमोतो यांचे लक्ष रंगमंचाच्या रचनेकडे असे. मैदानात दूर बसलेल्या प्रेक्षकांच्या डोक्यावरून सरकत जाणारा पारदर्शक रंगमंच ही त्यांचीच कल्पना. संग्रहातील गीतांचा क्रम ठरतो तोही बऱ्याच अंशी पुढील प्रयोगांचा विचार करूनच. संग्रह ही प्रयोगाची पूर्वतयारी असते, हे या व्यवसायाचे एक अलिखित सूत्र आहे.

दुकान, किंमत आणि करड्या आकृत्या

जगातील बहुतेक देशांत तबकड्या जवळजवळ नामशेष झाल्या असताना जपानमध्ये २०२० सालीही ध्वनिमुद्रित संगीताच्या उत्पन्नाचा सुमारे ७० टक्के भाग तबकड्यांसारख्या प्रत्यक्ष वस्तूंतून येत होता. याची कारणे केवळ जपानी माणसाच्या संग्रहप्रियतेत शोधणे पुरेसे नाही. मक्तेदारीविरोधी कायद्यात १९५३ साली झालेल्या दुरुस्तीनुसार पुस्तके, वृत्तपत्रे व ध्वनिमुद्रिका यांची किरकोळ किंमत निश्चित करण्याचा अधिकार प्रकाशकाला राहिला. दुकानदार आपल्या मर्जीने नवी तबकडी स्वस्तात विकू शकत नाही. भारतात १९८० नंतर स्वस्त ध्वनिफितींनी बाजाराचे रूप पालटून टाकले, तशी उलथापालथ तेथे होऊ शकली नाही. गीतसंग्रहाची किंमत सुमारे ३,००० येन राहिली.

किंमत उतरत नाही म्हटल्यावर ग्राहकांनी दुसरा मार्ग काढला. १९८० मध्ये टोक्योलगतच्या मिताका येथे तबकड्या भाड्याने देणारे दुकान निघाले आणि पाहता पाहता अशी दुकाने देशभर पसरली. भाड्याने आणावे, घरी ध्वनिफितीवर उतरवून घ्यावे आणि परत करावे, असा हा व्यवहार. विकत घेण्यास प्रवृत्त करायचे तर तबकडीत काही अधिक द्यायला हवे, हे प्रकाशकांनी ओळखले. एकाच संग्रहाच्या एकाहून अधिक आवृत्त्या काढण्याची प्रथा यातूनच बळावली. एका मर्यादित आवृत्तीत चित्रमुद्रणाची जादा तबकडी, दुसरीत एखादे जादा गीत, तिसरीत जाड छायाचित्रपुस्तिका, अशी ही मांडणी असते. निष्ठावान चाहता सर्व आवृत्त्या घेतो. ‘ओरिकॉन’ या संस्थेच्या साप्ताहिक विक्रीयादीत पहिल्या आठवड्यात अग्रस्थान मिळावे यासाठी चाहते आगाऊ मागणी नोंदवितात. यात चाहत्यांची पिळवणूक नाही असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु त्या वस्तूभोवती त्यांनी जी जिव्हाळ्याची रीत निर्माण केली आहे, तिच्याकडे केवळ फसवणूक म्हणून पाहणेही एकांगी ठरेल.

कितागावा यांच्या संस्थेने या जगाबाहेर पाऊल टाकण्याचे हट्टाने टाळले. इंटरनेटवर आपल्या कलावंतांची छायाचित्रे झळकू नयेत असा तिचा दंडक होता. तिच्या गायकाचे चित्र असलेले एखादे मासिक संकेतस्थळावर विक्रीस ठेवले जाई तेव्हा मुखपृष्ठावरील त्या गायकाच्या जागी नुसती करडी आकृती दिसे. वृत्तपत्राच्या छापील अंकात छायाचित्र असे, पण त्याच वृत्ताच्या इंटरनेटवरील आवृत्तीत ती जागा रिकामी राही. चेहरा हीच मालमत्ता, आणि ती फुकट दाखवायची नाही, हा यामागील हिशेब होता. २०१८ पासून हे बंधन हळूहळू शिथिल होऊ लागले. तोपर्यंत दक्षिण कोरियातील वृंद मात्र इंटरनेटच्या आधारे जगभर पोहोचले होते. जपानमध्ये वर्षाकाठी लाखो प्रेक्षक जमविणारा वृंद सीमेपलीकडे, आशियातील काही शहरे वगळता, बहुतांशी अपरिचित राहिला, याचे एक प्रमुख कारण ही करडी आकृती होय.

तारीख ठरते

जून २०१७ मध्ये ओनो यांनी आपल्या चार सहकाऱ्यांना सांगितले की त्यांना हे जीवन काही काळ बाजूला ठेवावयाचे आहे. कशानेही न बांधले गेलेले साधे आयुष्य जगून पाहावयाचे आहे. चौघांनी यावर दीर्घ काळ विचार केला. ओनो यांना वगळून अराशी चालविणे शक्य होते, तशी अन्य वृंदांची उदाहरणेही होती. परंतु पाच जण मिळूनच अराशी होते, असे त्यांनी ठरविले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचा सोळावा संग्रह निघाला. त्याचे नाव ‘अनटायटल्ड’, म्हणजे शीर्षकहीन. चाहत्यांना त्या वेळी यातले काही ठाऊक नव्हते.

२७ जानेवारी २०१९ रोजी हा निर्णय जाहीर झाला : ३१ डिसेंबर २०२० नंतर अराशीचे कार्य स्थगित राहील. जवळजवळ दोन वर्षे आधी ही सूचना देण्यामागे चाहत्यांना, सहकाऱ्यांना आणि ज्यांच्याशी करार झाले आहेत त्यांना पुरेसा वेळ मिळावा हा हेतू होता. जपानी व्यवहारात एखाद्या कामाचा शेवटही नीट वेळापत्रकाने व्हावा अशी अपेक्षा असते. अराशीने ती अक्षरशः पाळली. नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झालेला वीस वर्षपूर्तीचा दौरा ५० प्रयोगांचा झाला आणि त्यास सुमारे २३ लाख ७५ हजार प्रेक्षक आले. जून २०१९ मध्ये निघालेला जुन्या गीतांचा निवडक संग्रह जगभरात त्या वर्षी सर्वाधिक खपलेला संग्रह ठरला. आंतरराष्ट्रीय ध्वनिमुद्रण संघटनेच्या गणनेनुसार त्याच्या सुमारे ३३ लाख प्रती गेल्या. त्या जवळजवळ सर्व जपानमध्येच.

म्हणजे जाण्याची तारीख ठरल्यावर अराशी जगाच्या यादीत पहिले आले, आणि जगाला ते ठाऊकच नव्हते. नंतरच्या वर्षात या पाच जणांनी जे केले त्याचा अर्थ या एका वाक्यात सामावलेला आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये यूट्यूबवर त्यांची वाहिनी सुरू झाली. ३ नोव्हेंबर २०१९ रोजी त्यांनी एकाच वेळी पाच समाजमाध्यमांवर खाती उघडली, जुनी गाणी इंटरनेटवरून ऐकण्यास खुली केली आणि ‘टर्निंग अप’ हे नवे गीत केवळ इंटरनेटवरून प्रकाशित केले. आठवडाभरात दोन दिवसांत त्यांनी जाकार्ता, सिंगापूर, बँकॉक व तैपेई ही चार शहरे गाठली. एका चित्रपटवितरण सेवेसाठी त्यांच्या अखेरच्या वर्षाचा माहितीपटही भागाभागाने चित्रित होऊ लागला. जी दारे वीस वर्षे बंद होती ती चौदा महिन्यांसाठी उघडली गेली. संस्थापकाचा मृत्यू त्याच वर्षी जुलैमध्ये झाला होता हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. तथापि बदलाची पावले त्याआधीच पडू लागली होती.

साथीच्या वर्षातील काम

नव्या संग्रहाचे धागे अशा रीतीने वेगवेगळ्या ठिकाणी विणले जात होते. ‘ब्रेव्ह’ हे गीत २०१९ च्या रग्बी विश्वचषकाच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणासाठी तयार झाले होते. ‘काइतो’ म्हणजे पतंग, हे गीत योनेझू केनशी या तरुण कवी-संगीतकाराने रचले. जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने २०२० च्या टोक्यो ऑलिम्पिकच्या वर्षासाठी ते करवून घेतले होते आणि ३१ डिसेंबर २०१९ च्या रात्री ते प्रथम लोकांपुढे आले. आकाशात झेपावणारा आणि तरीही कोणाच्या तरी हातातील दोरीशी बांधलेला पतंग ही प्रतिमा पाच जणांच्या स्थितीला नकळत लागू पडली.

तिसरा धागा परदेशातून आला. अमेरिकी गायक-संगीतकार ब्रुनो मार्स यांनी डी’माइल या संगीतकाराबरोबर अराशीसाठी ‘व्हेनेव्हर यू कॉल’ हे गीत तयार केले. त्याचे शब्द संपूर्ण इंग्रजीत आहेत आणि तसे गीत या वृंदाने पूर्वी कधीच प्रसिद्ध केले नव्हते. मातृभाषेत गाताना शब्दांचा भार आपोआप पेलला जातो. परक्या भाषेत प्रत्येक व्यंजन सांभाळावे लागते. जपानी भाषेत बहुतेक अक्षरे स्वरान्त असल्याने इंग्रजी शब्दांच्या शेवटी नकळत एखादा स्वर जोडला जातो, तर ‘र’ आणि ‘ल’ यांच्या उच्चारांतील भेद जपानी कानाला सहज जाणवत नाही. संथ लयीच्या या गीतात तो दोष झाकायला जागा नाही. तरीही त्यांनी हे गीत घेतले, आणि ऐकताना त्यातील किंचित सावध उच्चारच त्याला प्रामाणिकपणा देतात असे म्हणावेसे वाटते. सफाईदार गाणारे पुष्कळ असतात.

इतक्यात साथ आली. २४ मार्च २०२० रोजी ऑलिम्पिक स्पर्धा वर्षभर पुढे ढकलण्यात आल्या. ७ एप्रिलला टोक्योसह सात प्रांतांत आणीबाणी जाहीर झाली. बीजिंग येथील नियोजित कार्यक्रम रद्द झाला. मे महिन्यात टोक्योच्या नव्या राष्ट्रीय क्रीडागारात होणारे दोन भव्य प्रयोगही होऊ शकले नाहीत. ज्या वर्षाचे एकेक पान आधीच आखून ठेवले होते, त्याची पानेच गळून पडली. इतर कलावंत कार्यक्रम पुढील वर्षावर ढकलू शकत होते. अराशीला पुढील वर्ष नव्हते. तारीख बदलावी, निदान वर्षभर तरी वाढवावी, अशी चाहत्यांची आशा होती. पाचही जणांनी ठरलेली तारीख कायम ठेवली.

म्हणून उरलेल्या महिन्यांत सर्व भार गीतांवर आला. जुलैमध्ये ‘इन द समर’ हे उन्हाळ्याचे गीत इंटरनेटवर आणि ‘काइतो’ तबकडीवर, अशी दोन प्रकाशने एका आठवड्यात झाली. सप्टेंबरमध्ये ‘व्हेनेव्हर यू कॉल’ आले. यांच्या जोडीला संग्रहासाठी खास तयार केलेली गीते होती. त्यांपैकी ‘इत्सुका ब्योशिन नो आउ कोरो’ या शीर्षकाचा अर्थ ‘कधी तरी सेकंदकाटे जुळतील तेव्हा’ असा होतो. एकमेकांपासून दूर चालणाऱ्या घड्याळांची ही कल्पना जपानी श्रोत्याला स्पष्टीकरणावाचून पोहोचते. दुसऱ्या एका गीताचे नाव ‘द म्यूझिक नेव्हर एंड्स’, म्हणजे संगीत कधी संपत नाही. पण निरोपाच्या वेळी असे म्हणणे हा संकेतच होय, त्याचा फार अर्थ लावण्याचे कारण नाही.

संग्रह एकसंध झाला आहे काय, हा प्रश्न विचारणे रास्त आहे. पूर्वीच्या ‘जपोनिझम’ या २०१५ च्या संग्रहात बाहेरून पाहिलेला जपान हे एकच सूत्र शेवटपर्यंत राखलेले होते. ‘धिस इज अराशी’मध्ये तसे सूत्र नाही. लॉस एंजेलिसच्या धाटणीची नृत्यगीते, क्रीडास्पर्धेचे उत्साहगीत, योनेझू यांची लोकगीतासारखी चाल आणि इंग्रजी प्रेमगीत ही एकमेकांना फारशी ओळखत नाहीत. एक अर्धा भाग परक्या श्रोत्याला म्हणतो, ‘आम्ही असे आहोत’. दुसरा अर्धा भाग जुन्या श्रोत्याला म्हणतो, ‘आम्ही निघालो’. कलाकृती म्हणून ही फट उणीव ठरेल. मात्र त्या वर्षाचा दस्तऐवज म्हणून ती फटच सर्वांत बोलकी आहे, कारण ती कोणा एकाच्या चुकीने पडलेली नाही; उशिरा उघडलेले दार आणि आधीच ठरलेली तारीख यांच्यामध्ये ती पडली आहे.

प्रकाशन

जपानमध्ये नव्या तबकड्या बहुधा बुधवारी प्रकाशित होतात. ३ नोव्हेंबर २०२० हा मंगळवार होता. वर्धापनदिन साधण्यासाठी वाराचा संकेत बाजूला ठेवण्यात आला. त्याच दिवशी राष्ट्रीय क्रीडागारातील संगीतसोहळा इंटरनेटवरून दाखविण्यात आला. त्याचे चित्रीकरण २४ ऑक्टोबरला झाले होते आणि हजारो आसनांवर एकही प्रेक्षक नव्हता. याच जागी असलेल्या जुन्या क्रीडागारात २००८ पासून अराशीचे उन्हाळी प्रयोग गर्दीत रंगले होते. आता दिवे होते, आतषबाजी होती, पाच जण होते; प्रेक्षक आपापल्या घरी पडद्यासमोर बसलेले होते. संग्रह ओरिकॉनच्या साप्ताहिक यादीत पहिल्या क्रमांकावर आला. या वृंदाच्या बाबतीत त्यात आश्चर्य कोणालाच वाटले नाही.

परदेशात काय झाले? अमेरिकेतील वृत्तपत्रांनी दखल घेतली, आशियातील जुने चाहते आनंदले, समाजमाध्यमांवर नवे श्रोतेही मिळाले. परंतु चौदा महिने ही मुदत वीस वर्षांची उणीव भरून काढण्यास पुरेशी नव्हती. ज्या दक्षिण कोरियन वृंदांशी त्यांची तुलना होई, त्यांनी एकेका देशात वर्षानुवर्षे फिरून श्रोते जोडले होते. अराशीने वाट उघडली, पण त्या वाटेवरून पुढे गेले ते त्यांच्यानंतरचे वृंद. इंटरनेटवर छायाचित्रे, गीते व वाहिन्या यांची मोकळीक त्यांना आता सहज मिळते.

३१ डिसेंबर २०२० च्या रात्री टोक्यो डोम या विशाल बंदिस्त क्रीडागारात, पुन्हा प्रेक्षकांवाचून, अखेरचा प्रयोग झाला. त्याला संग्रहाचेच नाव दिले होते. वर्षानुवर्षे चालत आलेले त्यांचे दोन साप्ताहिक दूरचित्रवाणी कार्यक्रमही त्याच महिन्यात संपले. पुढच्या उन्हाळ्यात, जुलै २०२१ मध्ये, टोक्योत ऑलिम्पिक स्पर्धा भरल्या तेव्हा तेथील स्टेडियमही रिकामीच होती. पतंगाचे गीत प्रक्षेपणातून ऐकू येत होते आणि ते गाणारे एकत्र नव्हते.

२०२३ च्या चौकशीनंतर कितागावा यांच्या संस्थेचे नाव बदलण्यात आले. ती आता केवळ पीडितांना भरपाई देण्याचे काम करते, आणि कलावंतांचे व्यवस्थापन एका नव्या कंपनीकडे गेले. एप्रिल २०२४ मध्ये अराशीच्या पाच जणांनी स्वतःची कंपनी स्थापन केली. सोळा-अठरा वर्षांच्या वयात ज्यांचे नाव, सहकारी आणि पहिले गीतही दुसऱ्याने ठरविले होते, त्यांच्या हाती वृंदाचा कारभार पंचवीस वर्षांनी आला. ६ मे २०२५ रोजी त्यांनी आणखी एक तारीख जाहीर केली : २०२६ च्या वसंत ऋतूतील दौऱ्यानंतर अराशीचे कार्य कायमचे थांबेल. २०२० मध्ये रिकाम्या आसनांपुढे निरोप घ्यावा लागला होता. हा दौरा प्रेक्षकांसमोर करण्याचे त्यांनी ठरविले.